दात – काढतो

कापूस अर्धा सुकला होता आणि अर्धा अजून ओला होता, तेवढ्यात फोन वाजला. कापूस म्हणजे बँकेतल्या एका बाईंचा पांढरा, कुरळ्या केसांचा कुत्रा. दर गुरुवारी माझ्या दुकानात आंघोळीला येतो. ओला असला की मांजराएवढा दिसतो आणि सुकवून विंचरला की उशीएवढा होतो. माझ्या एका हातात ड्रायर होता, दुसऱ्यात तारांचा ब्रश. टेबलावर कुत्रा असताना मी कधीच फोन उचलत नाही. पण नाव दवाखान्याचं होतं आणि वकील आज तिथे होता, म्हणून उचलला.

वकील माझ्या दादाचा कुत्रा. अंग काळंकुळीत आणि गळ्याशी पांढरा पट्टा, म्हणून वकील. वय वर्षं अकरा. त्याच्या दातांवरचं किटण काढून घ्यायचं होतं, म्हणून सकाळी दादा त्याला दवाखान्यात सोडून घरी गेला होता.

फोनवर दवाखान्यातल्या नव्या बाई होत्या. एका शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाल्या, घरी करमेना, म्हणून महिन्यापूर्वी इथे टेबलामागे येऊन बसल्या. मी त्यांना मनातल्या मनात शाळेच्या बाई म्हणते.

"ताई, एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "वकिलाच्या कार्डावर दात काढणे असं आहे, पण कुठले ते नाही. सकाळी तुमच्या भावांना विचारलं तर म्हणाले, पुढचे सगळे, वरचेसुद्धा. तसं मी डॉक्टरांच्या कागदावर लिहून दिलंय. त्याला भूल देऊन आत घेतलाय. म्हटलं, आपलं एकदा तपासून घ्यावं."

"दात काढणे असं कुणी लिहिलं?"

"कार्ड तुमचंच आहे. तुम्ही नुसतं 'दात – काढतो' असं अर्धवट लिहिलं होतं. कॉम्प्युटरवर चढवताना मी सगळ्यांची वाक्यं नीट करून घेतली."

ड्रायर चालूच होता आणि कापूस त्याच्या वाऱ्यात डोळे मिटून मजेत उभा होता.

आता हे सांगायला हवं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याचं मी एक कार्ड करते आणि त्याची एक प्रत दवाखान्यात देते, कारण जे माझ्याकडे येतात तेच तिथे जातात. कार्डावर सवयी असतात. वकिलाचं कार्ड सहा वर्षांपूर्वी लिहिलेलं. नखं – कापू देतो. कान – झटकतो. दात – काढतो. आमच्या घरात कुणी उगाच हसलं की आई म्हणायची, दात काय काढतोस. तेच मी लिहिलं. वकील हसतो, अगदी माणसासारखा. ओळखीचं कुणी दारात दिसलं की वरचा ओठ उचलतो, पुढचे सगळे दात दाखवतो आणि बूड हलवत जवळ येतो. ज्याला माहीत नाही त्याला वाटतं, आता हा तोडणार. म्हणून लिहून ठेवलं होतं, की बाबांनो घाबरू नका, हा दात काढतो.

दादाचं म्हणाल, तर त्याचा उजवा कान छापखान्यात यंत्राशेजारी उभं राहून केव्हाच गेलाय. बाईंनी विचारलं असणार, दात काढायचेत ना. त्याने अर्धं ऐकलं असणार आणि कौतुकाने सांगितलं असणार, काढतो की, पुढचे सगळे काढतो, वरचेसुद्धा.

"बाई, त्याचे दात काढायचे नाहीयेत," मी म्हणाले. "तो हसतो, असं लिहिलंय ते. डॉक्टरांना थांबवा."

"कोण हसतो?"

"कुत्रा. तुम्ही आधी आत जाऊन सांगा."

"दार बंद आहे, ताई. आत काम चालू असताना दार वाजवायचं नाही, असं मला पहिल्याच दिवशी बजावलंय."

"मी सांगते म्हणून वाजवा."

बाई म्हणाल्या, बघते. मग फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, कुणीतरी भुंकलं, कुणीतरी मांजराची टोपली मागितली आणि फोन बंद झाला. मी परत लावला तर व्यस्त. परत लावला, व्यस्त. डॉक्टरबाईंचा लावला तर तो वाजत राहिला.

खरं भय दातांचं नव्हतंच. वकिलाच्या हृदयाचे ठोके नीट पडत नाहीत. डॉक्टरबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं होतं, किटण काढायला वीस मिनिटं लागतील, तेवढी भूल तो सोसेल, त्यापेक्षा जास्त मी देणार नाही. पुढचे वरचे-खालचे मिळून बारा दात काढायचे म्हणजे वीस मिनिटांत उरकणारं काम नाही. आणि तो टेबलावरून उठला नाही, तर ते माझ्या हातच्या तीन शब्दांमुळे. तीनही कसले, दोनच.

दुकानात मी एकटीच. कापसाला टेबलाच्या पट्ट्यात अडकवून जाता येत नाही. टेबलावरून उडी मारली तर फास बसतो, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. पिंजऱ्यात ओला ठेवला तर गारठतो. मी त्याला टॉवेलमध्ये गुंडाळला, काखेत मारला आणि दार ओढून घेतलं. दाराच्या काचेवर वकिलाचा मोठा फोटो लावलेला आहे, सगळे दात दाखवून हसतानाचा. त्याच्यावर मीच लिहिलंय, असे दात हवेत तर आत या. एरवी मला त्या फोटोचा मोठा अभिमान. आज त्याच्याकडे बघवेना.

दवाखाना चालत बारा मिनिटांवर. माझी पन्नाशी उलटलेली, पायात दुकानातल्या रबरी चपला, अंगावर केसांनी भरलेला एप्रन, आणि काखेतून एक डोकं बाहेर, ज्याचा उजवा गाल फुललेला आणि डावा चिकटलेला. लोक वळून बघत होते. बघू देत. मी चालता चालता दर दहा पावलांवर फोन लावत होते.

दादाला सांगावं का, हाही विचार होताच. पण सांगणार कुणाला? दादाला फोनवर धड ऐकू येत नाही. वहिनीला सांगितलं तर ती तिथेच बसेल.

दादा-वहिनींचं सांगते, म्हणजे माझा जीव एवढा का टांगणीला लागला होता ते कळेल. दोन वर्षांपूर्वी दादाने घर आवरायला काढलं आणि वहिनीचं शिलाई मशीन तिला न विचारता छापखान्यातल्या एकाला देऊन टाकलं. तू वापरतेस कुठे, म्हणाला. वहिनी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने दादाशी बोलणं बंद केलं. तोही हट्टी, त्यानेही बंद केलं. पण एका घरात राहायचं तर काही ना काही बोलावं लागतंच, तेव्हा दोघं वकिलामार्फत बोलायला लागली. वहिनी म्हणायची, वकील, त्यांना सांग, आंघोळीचं पाणी तापलंय. दादा म्हणायचा, वकील, माझा चष्मा कुणी उचलला असेल तर विचार. वकील दोघांकडे आळीपाळीने बघायचा. सुरुवातीला मला हसू यायचं. मग यायचं बंद झालं. जेवणंही वेगवेगळी व्हायला लागली, तो टेबलावर आणि ती स्वयंपाकघरात.

गेल्या दोन महिन्यांत मात्र जरा बरं चाललं होतं, आणि तेही वकिलामुळेच. तो जेवतानाही दात काढायला लागला होता. त्याचं भांडं टेबलापाशी असतं. घास घेतला की मान तिरकी करायचा, ओठ वर आणि दात बाहेर. वहिनीने एकदा दारातून बघितलं आणि तिला हसू फुटलं. दादालाही फुटलं. दुसऱ्या दिवशी ती आपलं ताट घेऊन टेबलावर आली, वकील हसतो ते बघायला. तेव्हापासून रोज येत होती. बोलणं अजून वकिलामार्फतच, पण दोघं एका टेबलावर तरी होती. मी गेल्या रविवारी हे डोळ्यांनी बघून आले होते आणि घरी येऊन सुखाने झोपले होते.

आता वकील गेला तर त्या घरात कोण कुणाशी काय बोलणार? हाच विचार डोक्यात घुमत होता आणि समोरचा सिग्नल काही केल्या बदलत नव्हता.

तेवढ्यात वहिनीचाच फोन आला.

"झालं का गं त्याचं? ह्यांनी काही सांगितलं नाही आल्यावर."

"चालू आहे," मी म्हणाले.

"तू धापा का टाकतेयस?"

"कापसाला फिरवतेय."

खोटं बोलणं मला कधी जमलं नाही, पण त्या दिवशी तोंडातून सटकन निघालं.

दवाखान्यात शिरले तर शाळेच्या बाई टेबलामागे उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"दार वाजवलं मी," त्या म्हणाल्या. "आतून म्हणाले, थांबा."

"तुम्ही सांगितलंत ना, की काढू नका?"

"दाराबाहेरून ओरडून सांगितलं. ऐकलं की नाही, माहीत नाही."

मी दारापाशी गेले. दारावर छोटी काच आहे, पण तिला आतून कागद लावलेला. आत यंत्राचा टिक टिक आवाज येत होता आणि मधूनच काहीतरी बारीक गुरगुरायचं, दात घासायचं यंत्र असावं. मी घड्याळ बघितलं. त्याला आत घेऊन पस्तीस मिनिटं झाली होती.

"वीस मिनिटं म्हणाल्या होत्या," मी बाईंना म्हणाले.

"मलाही तेच कळत नाहीये," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण ताई, दात काढतो म्हणजे हसतो, असं कुत्र्याबद्दल कोण लिहितं?"

"मी लिहिते."

त्यांनी कपाटातून कोरडा टॉवेल काढला आणि कापसाला माझ्याकडून घेऊन पुसायला लागल्या. उलट्या दिशेने पुसत होत्या, सगळा गुंता होणार होता, पण मी गप्प बसले.

दार उघडलं ते आणखी पाच मिनिटांनी. डॉक्टरबाई तोंडावरचा मास्क खाली करत बाहेर आल्या.

"तुम्ही आलात ते बरं झालं. मी फोनच करणार होते."

"बाई, त्याचे पुढचे दात..."

"पुढच्या दातांना मी हात लावलेला नाही. कागदावर कुणी काही लिहिलं म्हणून मी कुणाच्या तोंडात पकड घालत नाही. पुढचे दात छान आहेत त्याचे."

मी खुर्चीच्या पाठीला धरलं. हसायला यायला लागलं होतं. शाळेच्या बाईंनीही हुश्श केलं. पण डॉक्टरबाई हसल्या नाहीत.

"आत या जरा," त्या म्हणाल्या. "हात धुऊन."

वकील टेबलावर कुशीवर पडला होता. घशात नळी, जीभ एका बाजूला ओढून ठेवलेली, खाली गरम गादी. पायाला चिमटा लावलेला आणि त्याची वायर त्या टिकटिकणाऱ्या यंत्राला. एरवी माझ्या टेबलावर तो एक क्षण स्वस्थ उभा राहत नाही.

"हे बघा पुढचे," डॉक्टरबाईंनी ओठ उचलला. पांढरेशुभ्र. हे मीच घासलेले, आठवड्यातून दोनदा, बोटात रबरी ब्रश घालून, कोंबडीच्या चवीची पेस्ट लावून. "आता हे बघा."

त्यांनी गाल मागे ओढला, अगदी मागेपर्यंत, आणि दिवा वळवला. तिथली हिरडी जांभळी झाली होती. मोठ्या दाढेवर मातकट दगडासारखा थर. त्यांनी एक बारीक सळई हिरडीच्या कडेला लावली आणि ती अर्धी आत गेली. सहज. पाठोपाठ पू आला, आणि वास आला. तो वास मला ओळखीचा होता. दोन महिने येत होता. वहिनीने तक्रारही केली होती, आणि मी तिला सांगितलं होतं, म्हातारा झाला की तोंडाला वास यायचाच.

"तुम्ही घासता ना याचे दात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हो."

"कुठपर्यंत?"

मी खरं ते सांगितलं. "दिसतात तिथपर्यंत."

खरं तर बाकीच्या कुत्र्यांचे मी ओठ उचलून, गाल ओढून मागच्या दाढांपर्यंत घासते. वकिलाचं तोंड उघडावं लागत नाही ना. ब्रश दिसला की तो आपणहून दात काढतो, मग मी समोरचे घासायचे, शाब्बास म्हणायचे आणि कापडाने तोंड पुसायचे. हल्ली ब्रश डावीकडे गेला की तो मान फिरवून घ्यायचा. मी म्हणायचे, गुदगुल्या होतात का रे.

"जेवताना हा ओठ वर करतो का?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "दात दिसतात? मान तिरकी करतो?"

"हो, हसतो. हल्ली रोज..." आणि मी तिथेच थांबले.

"डाव्या बाजूने चावलं की कळ उठत असणार," त्या म्हणाल्या. "कळ आली की ओठ आपोआप वर जातो. जेवताना हसत नव्हता तो, ताई."

यंत्र टिकटिकत होतं. मी वकिलाच्या कानावर हात ठेवला. कान गार होता.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. डावीकडच्या तीन आणि उजवीकडच्या दोन दाढा काढायला हव्यात. आत्ता काढल्या तर अजून पाऊण तास भूल, आणि त्याचं हृदय हे असं. आत्ता उठवलं तर पुन्हा कधीतरी भूल द्यावी लागेल, तोवर पू रक्तात जाणार. वीस मिनिटांच्या वर गेलोच आहोत, ठोके अजून ठीक आहेत, पण पाऊण तासाची खात्री मी देणार नाही. मला घरच्यांचा होकार हवाय, आणि लवकर, कारण तोवर भूल चालूच आहे.

मी बाहेर येऊन वहिनीला फोन लावला. दाढा सडल्यात, काढायला हव्यात, धोका आहे, एवढं सांगितलं. जेवताना हसण्याचं सांगितलं नाही. जीभ उचलली नाही.

वहिनीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ह्यांना विचार."

"घरातच आहे ना तो?"

"देते फोन."

दादा आला. मी सगळं पुन्हा सांगितलं, ओरडून, त्यामुळे बाहेर बसलेल्या सगळ्यांना कळलं.

"तिला काय वाटतं?" दादा म्हणाला.

"तुझ्या शेजारी उभी असेल. विचार तिला."

"तूच विचार."

फोन वहिनीकडे गेला. "ते काय म्हणाले?"

माझा पारा चढला. तिकडे कुत्रा नळी घालून पडलाय, इकडे घड्याळ पळतंय, आणि ही दोघं मला मध्ये उभी करून एकमेकांना निरोप देतायत.

"मला वकील करू नका," मी म्हणाले. "तुमचा वकील आत बेशुद्ध आहे. फोन स्पीकरवर ठेवा आणि हो की नाही ते सांगा."

काहीतरी खुडखुड झाली. मग दादाचा आवाज आला, "काढा." आणि त्याच्या पाठोपाठ वहिनीचा, "काढा म्हणावं." दोघं मलाच म्हणाली. चालेल. मी आत जाऊन सांगितलं आणि दार पुन्हा बंद झालं.

तो पाऊण तास कसा गेला ते मला विचारू नका. शाळेच्या बाई टेबलामागे मान खाली घालून बसल्या होत्या, कापूस त्यांच्या मांडीवर झोपला होता, आणि मी भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचत होते. तोच तो तक्ता, अथपासून इतिपर्यंत, किमान वीस वेळा. मध्येच आतल्या यंत्राचा आवाज बदलला, ठोके भराभर पडल्यासारखे, मग एकदम हळू. डॉक्टरबाई कुणाला तरी काहीतरी आण म्हणाल्या आणि आत पावलं वाजली. मी उभी राहिले. बाईही उभ्या राहिल्या. त्यांनी माझं मनगट धरलं, घट्ट, आणि आम्ही दोघी त्या कागद लावलेल्या काचेकडे बघत राहिलो. मला तेव्हा एकच सुचत होतं. हा उठला नाही तर दादा-वहिनींना मी सांगायचं काय? कार्डाचं सांगायचं, की दाढांचं, की दोन महिने तो हसत होता म्हणून आपण हसत होतो त्याचं? आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला. बाई खाली बसल्या. माझं मनगट मात्र त्यांनी तसंच धरून ठेवलं.

"मी वाक्य पूर्ण करायला नको होतं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही तरी वाचलंत," मी म्हणाले. "मी सहा वर्षांत ते कार्ड परत उघडलंच नव्हतं."

वकील उठला. पाऊण तासाचा तास झाला, पण उठला. आधी जीभ आत घेतली, मग डोळे उघडले, मग मला बघून शेपूट एकदाच आपटली. पाच दाढा एका वाटीत पडल्या होत्या. मी त्या बघितल्या. एकेका मुळाशी काळं होतं.

दहा दिवस मऊ खाणं, औषध, आणि रोज हिरड्या धुणं. ते मी स्वतः जाऊन करत होते, गाल पार मागे ओढून. दादा रोज विचारायचा, चिमे, जखम भरतेय ना. पन्नाशी उलटली तरी मी त्याची चिमीच. मी म्हणायचे, भरतेय. आणि त्यापुढचं काही न बोलता निघून यायचे. रोज ठरवायचे, आज सांगते. रोज घरी येऊन स्वतःवर चिडायचे.

अकराव्या दिवशी वहिनीने दुपारी जेवायला थांबवून घेतलं. टेबलावर तिघं बसलो. वकिलाचं भांडं नेहमीच्या जागी होतं. आज पहिल्यांदा त्याला नेहमीचं खाणं दिलं होतं. तो भांड्यात तोंड घालून खात होता, सरळ, न थांबता, मान कुठेही तिरकी न करता. मी बघत होते. ती दोघंही बघत होती, घास हातात धरून, वाट बघत.

भांडं रिकामं झालं. वकिलाने ते चाटून पुसून लख्ख केलं आणि तो आडवा झाला.

"नाही हसला," वहिनी म्हणाली.

"दारात हसतो अजून," दादा माझ्याकडे बघून म्हणाला. "मी आलो की हसतो. पण जेवताना नाही. त्या डॉक्टरबाईंनी काहीतरी जास्तीचं काढलं बघ."

"वकील, डॉक्टरांनी काय केलं रे तुला?" वहिनी म्हणाली. ती हे लाडाने म्हणाली, आणि माझ्याच्याने आणखी ऐकवेना.

"दुखत होतं त्याला," मी म्हणाले. "जेवताना तो हसत नव्हता. घास दाढेखाली आला की कळ यायची आणि ओठ वर जायचा. दोन महिने. मला त्या दिवशीच कळलं, डॉक्टरांनी दाखवलं. मी तुम्हाला सांगितलं नाही. आणि त्याच्या मागच्या दाढा मी कधी घासल्याच नव्हत्या. चूक माझी आहे."

दादाने कान पुढे केला. त्याला पहिलं अर्धं ऐकू आलं नव्हतं. मला ते सगळं पुन्हा सांगावं लागलं, मोठ्याने, शब्द तोडून. एकदा सांगताना जेवढा त्रास झाला नव्हता, तेवढा दुसऱ्यांदा झाला.

वहिनीने घास ताटात ठेवला. ती माझ्यावर चिडेल असं मला वाटलं, मी त्याची तयारी ठेवली होती. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"मी रोज म्हणायचे, हसला रे हसला," ती म्हणाली. "मी इथे येऊन बसायचे त्याच्यासाठी. त्याला दुखत होतं आणि मी हसायचे."

"मीही हसायचो," दादा म्हणाला.

वकील आपलं नाव निघेल म्हणून मान वर करून वाट बघत होता. कुणी त्याचं नाव घेतलं नाही. मला वाटलं, आता वहिनी ताट उचलेल आणि पूर्वीसारखी स्वयंपाकघरात जाऊन जेवेल, आणि मग या घरात पुन्हा कधी दोन ताटं शेजारी लागणार नाहीत. ती उठली. तिचं ताट तिच्या हातात होतं.

"थांब," दादा म्हणाला. "मशीन परत मागून आणतो मी. विचारलंय त्याला. तो देतो म्हणाला."

"कधी विचारलंस?" मी म्हणाले.

"हा दवाखान्यात होता त्या दिवशी. फोन ठेवल्यावर."

वहिनी ताट घेऊन तशीच उभी राहिली. दहा-अकरा दिवस ते दादाच्या तोंडात होतं आणि त्याने सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं तर तिला सांगावं लागलं असतं. मी कुणाला नावं ठेवू, माझंही तेच होतं.

"बसा जेवायला आधी," ती म्हणाली. "भात गार होतोय."

मग ती बसली. दादाने पातेलं स्वतःकडे ओढलं आणि आधी तिच्या ताटात वाढलं.